सुताची लड

अकरावीच्या प्रॅक्टिकलसाठी मी आईच्या टोपलीतला एक जुना कांदा मागून घेतला होता. बुडाची वाळकी मुळं ब्लेडने खरवडली आणि पाण्याने भरलेल्या ग्लासच्या तोंडावर तो ठेवून दिला, बुडाला जेमतेम पाणी लागेल असा. चार दिवसांत पांढरीशुभ्र मुळं खाली लोंबू लागली. प्रयोगशाळेत त्यांची टोकं कापून बाईंनी दिलेल्या लाल अ‍ॅसिटोकार्मिनच्या थेंबात ठेवली. स्लाइड स्पिरिटच्या दिव्यावरून दोन-तीनदा फिरवली. मग वर कव्हरस्लिप, तिच्यावर टिपकागद आणि त्यावर अंगठा. दाब सरळ खाली द्यायचा. अंगठा जरा सरकला की पेशी चुरगळतात. माझी पहिली स्लाइड तशीच गेली. दुसरीत मात्र दिसलं. विटांच्या भिंतीसारख्या शेकडो खोल्या, प्रत्येकीत एक गुलाबी गोळा, आणि मध्येच एका खोलीत गोळा नाहीच. त्याच्या जागी गडद लाल दोऱ्यांचा पुंजका. दोन खोल्या सोडून पलीकडे तेच दोरे आखूड आणि जाड होऊन मधोमध ओळीने उभे.

पाठ्यपुस्तकात याबद्दल एक-दोन वाक्यं होती. पूर्वावस्थेत गुणसूत्रांचं घनीकरण होतं, ती आखूड व जाड होतात, मग दिसू लागतात. परीक्षेला तेवढं पुरलं. पण ते घनीकरण पहिल्यांदा कुणी पाहिलं आणि पेशी ते करते तरी कसं, या दोन प्रश्नांच्या मध्ये जवळजवळ दीडशे वर्षांची मेहनत आहे. तिचा माग काढताना मी या गोष्टीच्या प्रेमात पडलो.

पेशीतून पेशी निघते हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मान्य होत चाललं होतं. केंद्रकाचं काय होतं याबद्दल मात्र एकमत नव्हतं. काहींच्या मते केंद्रक मधोमध चिमटल्यासारखं होऊन त्याचे दोन तुकडे पडतात. काहींच्या मते ते विरघळून जातं आणि नव्या पेशींत नव्याने तयार होतं. १८४८ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी ट्रॅडेस्कॅन्शिया या वनस्पतीच्या परागमातृपेशींची चित्रं काढली. त्यांत केंद्रकाच्या जागी गुठळ्यांसारखं काहीतरी आहे. आज ती चित्रं पाहणाऱ्याला गुणसूत्रं लगेच ओळखता येतात. त्या काळी त्या गुठळ्यांना नाव नव्हतं, अर्थही नव्हता.

अर्थ लावण्यासाठी आधी त्या नीट दिसायला हव्या होत्या, आणि त्यासाठी मदत आली ती कापडाच्या रंगांकडून. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा कोळशाच्या डांबरापासून क्विनीन बनवायच्या खटपटीत होता. क्विनीन मिळालं नाही, जांभळा रंग मिळाला. त्यातून अ‍ॅनिलीन रंगांचा धंदा उभा राहिला आणि पुढच्या वीस वर्षांत तो जर्मनीत फोफावला. सूत आणि रेशीम रंगवायला निघालेले हे रंग शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये पोचले. पेशीवर टाकले तर सगळी पेशी सारखी रंगत नाही, केंद्रकातलं काहीतरी रंग घट्ट धरून ठेवतं, हे अनेकांच्या ध्यानात आलं. सूक्ष्मदर्शकही सुधारत होते. १८७८ साली येनामध्ये एर्न्स्ट आबे यांनी तेलात बुडवायचं भिंग तयार केलं, आणि बारीक तपशील पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसू लागले.

वाल्थर फ्लेमिंग कील विद्यापीठात आले ते १८७६ साली, शरीरशास्त्राचे प्राध्यापक म्हणून. जन्म १८४३ चा, श्वेरीनजवळचा. वडील मनोरुग्णांवर उपचार करणारे नामांकित डॉक्टर. मुलाने वैद्यकी केली, फ्रान्स-प्रशिया युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम केलं, काही वर्षं प्रागमध्ये शिकवलं आणि मग बाल्टिक समुद्राकाठच्या या बंदराच्या गावी येऊन ते कायमचे स्थिरावले. त्यांनी लग्न केलं नाही. पगारातला काही भाग बेघरांच्या आश्रयगृहाला जाई, आणि शाळेत जाणं न परवडणाऱ्या मुलांना ते गणित शिकवत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. मोठमोठे सिद्धान्त मांडणाऱ्यांच्या त्या काळात फ्लेमिंग यांचा भर डोळ्यांवर होता. जे दिसतं ते नीट बघायचं, बघितलं तेवढंच लिहायचं.

त्यांनी प्राणी निवडला तो सॅलमँडर, सरड्यासारखा दिसणारा एक उभयचर. या निवडीतच अर्धं यश होतं. सॅलमँडरच्या पेशी मोठ्या, केंद्रकं मोठी आणि त्यांतला ऐवजही भरपूर. त्याच्या पेशीतला डीएनए माणसाच्या पेशीपेक्षा कितीतरी पट आहे हे आपल्याला आता कळलंय. शिवाय त्याची पाण्यातली पिल्लं भराभर वाढतात. त्यांचे कल्ले आणि शेपटीचा पडदा इतका पातळ असतो की काप घ्यायचीही गरज पडत नाही, प्रकाश आरपार जातो. फ्लेमिंग यांनी क्रोमिक, ऑस्मिक आणि अ‍ॅसेटिक या तीन आम्लांचं मिश्रण बनवलं. ते पेशीला जिथल्या तिथे गोठवतं. सूक्ष्मदर्शकाचं काम करणारे पुढे कित्येक दशकं ते त्यांच्याच नावाने ओळखत राहिले.

पण गोठवलेल्या पेशींत एक मोठी अडचण असते. स्लाइडवरची प्रत्येक पेशी मेलेली, प्रत्येक एका क्षणाशी थांबलेली. एकीत दोऱ्यांचा गुंडा, दुसरीत तारा, तिसरीत दोन तारे. यांतलं आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं? लग्नाच्या अल्बममधले सगळे फोटो जमिनीवर विखुरलेत आणि त्या लग्नाला आपण गेलेलो नाही, अशी ही स्थिती. क्रम चुकला तर सगळी गोष्टच उलटी सांगितली जाईल. म्हणून फ्लेमिंग यांनी जिवंत पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि एकच पेशी तासन्‌तास पाहिली. रंग नाही, त्यामुळे दिसणार ते धूसरच. गोठवून रंगवलेल्या पेशींत तपशील, जिवंत पेशींत क्रम. दोन्ही एकमेकांशी पडताळत त्यांनी ही मालिका जुळवली.

मालिका अशी उलगडते. केंद्रकातलं पसरट जाळं हळूहळू एका गुंड्यात बदलतं. आधी दोरे बारीक आणि दाट, मग जाड आणि विरळ. या अवस्थेला त्यांनी जर्मनमधला साधा घरगुती शब्द वापरला, क्नॉयेल, म्हणजे सुताचा गुंडा. नंतर केंद्रकाचं आवरण नाहीसं होतं, दोरे मधोमध येऊन ताऱ्यासारखे मांडले जातात, दोन गट होतात, दोन टोकांना जातात. तिथे पुन्हा गुंडा, पुन्हा जाळं, पुन्हा आवरण. शेवटचा प्रवास हा पहिल्या प्रवासाचीच उलटी वाट आहे, हेही त्यांनी टिपलं. आणि सगळ्यांत मोलाची नोंद म्हणजे प्रत्येक जाड दोरा उभा, लांबीच्या दिशेने, दोन सारख्या धाग्यांत चिरलेला असतो. ज्यांना आपण अर्धगुणसूत्रं म्हणतो ती हीच.

रंग धरणाऱ्या द्रव्याला त्यांनी क्रोमॅटिन म्हटलं. १८८२ साली लिहिलेल्या ग्रंथात या सगळ्या प्रकाराला ग्रीक मितोस, म्हणजे धागा, या शब्दावरून मायटोसिस हे नाव दिलं. दोऱ्यांना क्रोमोसोम, म्हणजे रंगीत काया, हे नाव १८८८ साली वाल्डायर यांनी सुचवलं. मराठीने या दोन्ही नावांत सूत जपलं. सूत्री विभाजन हा फ्लेमिंग यांच्या शब्दाचा जवळजवळ जसाच्या तसा अनुवाद आहे. गुणसूत्र या शब्दात तर रंग मागे पडून गुण पुढे आलाय, आणि मला तो मूळ शब्दापेक्षा सरस वाटतो.

दोरा उभाच का चिरावा? १८८३ साली विल्हेल्म रू यांनी याचं उत्तर तर्काने काढलं. केंद्रक नुसतं अर्धं करायचं असतं तर मधून तोडणं सोपं होतं. एवढा खटाटोप करून उभं चिरायचं तर दोऱ्याच्या लांबीवर वेगवेगळे गुण ओळीने मांडलेले असले पाहिजेत आणि प्रत्येकाचा वाटा दोन्ही लेकींना, म्हणजे नव्या पेशींना, द्यायचा असला पाहिजे. मेंडेलचा आनुवंशिकतेवरचा निबंध तेव्हा छापून सतरा वर्षं झाली होती. फ्लेमिंग यांना त्याची गंधवार्ता नव्हती. ट्युबिंगेनमध्ये फ्रीडरिश मीशर यांनी १८६९ साली जखमांच्या पट्ट्यांवरल्या पुवातून वेगळं काढलेलं न्यूक्लिन मात्र त्यांना ठाऊक होतं, आणि क्रोमॅटिन म्हणजे बहुधा तेच असावं असं त्यांनी लिहूनही ठेवलं. डीएनएच्या इतक्या जवळ ते जाऊन आले होते.

एका बाबतीत मात्र फसगत झाली. गुंड्यात दोऱ्याची टोकं दिसत नव्हती, म्हणून सगळा गुंडा हा एकच सलग धागा आहे आणि नंतर त्याचे तुकडे पडतात, असं फ्लेमिंग यांना आणि त्यांच्यासारख्या अनेकांना वाटलं. १८८५ साली कार्ल राब्ल यांनी सॅलमँडरच्याच पेशींत दोरे मोजले. दर वेळी २४. मोजणी दर वेळी तीच येते आणि विभाजन संपताना दोरे जिथे दिसेनासे होतात साधारण तिथेच पुढच्या वेळी पुन्हा उगवतात. तेव्हा मधल्या काळातही ते वेगवेगळेच असणार, असं त्यांनी मांडलं. पुढे थिओडोर बोवेरी यांच्या कामाने ते पक्कं झालं. दोरा मधल्या काळात नाहीसा होत नाही. तो सैल पडून पसरतो, एवढंच.

मग तो पुन्हा घट्ट होतो कसा? इथे गोष्ट बरीच दशकं अडकून राहिली. गुणसूत्रं मोजली गेली, त्यांच्यावर जनुकांचे नकाशे काढले गेले, डीएनएची रचना कळली. घनीकरण मात्र पुस्तकातल्या त्या एका वाक्यावरच थांबलेलं.

बहुतेक ठिकाणी त्याचं कारण असं सांगतात की माणसाच्या एका पेशीतला डीएनए सुमारे २ मीटर लांब, केंद्रक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं, तेव्हा तो आत मावायला हवा म्हणून दाबून बसवलेला असतो. हे स्पष्टीकरण मला कधीच पटलं नाही. तो २ मीटर डीएनए विभाजन नसतानाही, पूर्ण सैल असतानाही, त्याच केंद्रकात मावलेला असतोच. खरी अडचण जागेची नाही, गुंत्याची आहे. विभाजनाआधी प्रत्येक धाग्याची जुळी प्रत तयार होते आणि ती मूळ धाग्याला वेढे घेतच जन्मते. एका टोपलीत लोकरीचे ४६ गुंडे सोडून टाकावेत, प्रत्येकाला त्याच रंगाचा जुळा धागा चिकटलेला असावा आणि कुणी सांगावं की एक धागा न तोडता जोड्या वेगळ्या करून दोन टोपल्यांत भर, तर आपण ओढाओढ करणार नाही. आधी एकेक धागा लडीवर घेऊ, गाठी सोडवत जाऊ, आणि लडी सुट्या झाल्या की मगच उचलू. पेशी हेच करते.

हे केलं नाही तर काय होतं, ते जपानमध्ये क्योतो विद्यापीठात दिसलं. मित्सुहिरो यानागिदा यांच्या प्रयोगशाळेत यीस्टचे काही विकृत प्रकार सापडले होते. तात्सुया हिरानो तेव्हा तिथे विद्यार्थी होते. १८८० च्या दशकात कीलमध्ये जे काम झालं त्याला शंभर वर्षं होऊन गेली होती, साल होतं १९८६. या विकृत पेशींत केंद्रकाची वाटणी होत नाही, पण पेशी आपल्या वेळापत्रकाप्रमाणे मधोमध भिंत घालायला घेते. भिंत येते ती थेट न वाटलेल्या केंद्रकावर. सुरीखाली सापडावं तसं केंद्रक कापलं जातं आणि पेशी मरते. या प्रकारांना नावच कट असं दिलं गेलं. त्यांतल्या काहींत नेमका घनीकरणाचा दोष आहे हे नंतर उघड झालं.

त्याच्याही आधीचा एक प्रयोग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७० साली अमेरिकेत डेन्व्हर इथे भारतात जन्मलेले पोटू राव आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट जॉन्सन यांनी माणसाच्या दोन पेशी एका विषाणूच्या मदतीने एकमेकींत मिसळल्या. एक पेशी विभाजनाच्या ऐन मध्यात, दुसरी निवांत. थोड्याच वेळात निवांत पेशीच्या केंद्रकातही दोरे घट्ट होऊ लागले, त्यांची वेळ झालेली नसताना. ज्या केंद्रकात जुळी प्रत बनायची होती तिथे एकेरी लांब दोरे दिसले; जिथे बनून झाली होती तिथे दुहेरी; आणि जिथे प्रत बनवण्याचं काम अर्ध्यावर होतं तिथे नुसता चुरा. म्हणजे विभाजन पावणाऱ्या पेशीच्या रसात असं काहीतरी आहे जे कुठल्याही केंद्रकाला आवरून घ्यायला लावतं. तो हुकूम देणारं विकर पुढे ओळखलं गेलं, आणि त्या वाटेवरच्या कामासाठी हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ चं नोबेल मिळालं. फ्लेमिंग यांनी जे घडताना नुसतं पाहिलं, ते राव आणि जॉन्सन यांनी हुकमी घडवून आणलं.

हुकूम कुणाचा ते कळलं, हात कुणाचे ते कळायचं होतं. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या छोट्या छोट्या रिळांवर गुंडाळलेला असतो हे १९७४ च्या सुमारास स्पष्ट झालं. पण ही रिळं सैल केंद्रकातही असतात, तेव्हा सगळं श्रेय त्यांना देता येईना. १९७७ साली प्रिन्स्टनमध्ये पॉलसन आणि लेमली यांनी घट्ट झालेल्या गुणसूत्रावरून हिस्टोन उतरवून टाकले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं जे चित्र निघालं ते पाहून मी बराच वेळ पान उलटलं नव्हतं. मधोमध गुणसूत्राच्या आकाराचाच एक गडद सांगाडा, आणि त्याच्यातून चहूबाजूंना बाहेर पडलेले डीएनएचे असंख्य फास, विंचरून सोडलेल्या केसांसारखे. प्रत्येक फास सांगाड्यातून निघतो आणि जवळच परत येतो. घनीकरण म्हणजे फास. पण ते घालतो कोण?

हिरानो पुढे सॅन फ्रान्सिस्कोला टिमोथी मिचिसन यांच्याकडे गेले. तिथे त्यांनी आफ्रिकन बेडकाची अंडी घेतली. ही अंडी अपकेंद्री यंत्रात फिरवून फोडली की मधल्या थरात विभाजनाला लागणारी सगळी सामग्री असलेला रस मिळतो. त्यात बेडकाच्या शुक्रपेशींची केंद्रकं टाकली की ती फुगतात, सैल पडतात आणि मग सुट्या सुट्या घट्ट दोऱ्यांत आवरली जातात. पेशी नाही, आवरण नाही, एका छोट्या नळीत घनीकरण! आता या रसातली एकेक वस्तू काढून बघता येणार होती. १९९४ साली हिरानो यांनी दोन लांबलचक प्रथिनं शोधली. ती प्रतिपिंडांनी अडवली तर दोरे बनत नाहीत, ढगच उरतो. आणि बनलेल्या दोऱ्यांवर तीच प्रतिपिंडं टाकली तर दोरे विस्कटतात. त्याच वर्षी यानागिदा यांच्या प्रयोगशाळेने कट यीस्टमधली दोन जनुकं ओळखली, आणि ती याच प्रथिनांची निघाली. बेडूक आणि यीस्ट, दोघांकडे एकच कारागीर. १९९७ साली, कोल्ड स्प्रिंग हार्बरला गेल्यावर, हिरानो यांनी या संपूर्ण समूहाला कंडेन्सिन हे नाव दिलं.

तरीही शंका उरलीच. कंडेन्सिन दोऱ्याला नुसती चिमट्यासारखी धरून ठेवते, की खरोखर ओढून फास घालते? ओढायला ताकद लागते आणि ती तर सेकंदाला जेमतेम एक-दोन एटीपी रेणू खर्च करते. एवढ्याशा इंधनावर लाखो बेस-जोड्यांचा डीएनए ओढला जाईल यावर अनेकांचा विश्वास बसेना.

२०१८ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला सीस डेकर यांच्या प्रयोगशाळेत महिपाल गंजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएचा एक धागा दोन्ही टोकांनी काचेला चिकटवला, मध्ये थोडी ढील ठेवून. चमकणाऱ्या रंगाने तो रंगवला. हायडेलबर्गला क्रिस्टियान हेरिंग यांच्याकडे तयार झालेली यीस्टची कंडेन्सिन आणि एटीपी त्यावर सोडलं आणि कॅमेरा सुरू केला. धाग्यावर एका जागी एक ठिपका उजळला. ठिपका मोठा होत गेला आणि त्याच्या एका बाजूचा धागा ताणला जाऊ लागला. आडवा प्रवाह सोडल्यावर तो ठिपका उलगडला आणि दिसला एक फास, नजरेसमोर लांब होत जाणारा, सेकंदाला १५०० जोड्यांपर्यंतच्या वेगाने. कंडेन्सिन एका जागी पाय रोवून एकाच बाजूने धागा आत ओढत होती. ती छोटी फिल्म कुणालाही पाहता येते, आणि सगळ्यांनी ती पाहावी असं मला मनापासून वाटतं. फ्लेमिंग यांनी सॅलमँडरच्या शेपटीत जे धूसर पाहिलं त्याच्या मुळाशी काय होतं, ते तिथे उघड्यावर आलंय. गंजी आता बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत आहेत.

त्याच वर्षी अमेरिका आणि स्कॉटलंडमधल्या काही गटांनी मिळून कोंबडीच्या पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर थोपवल्या आणि एकदम सोडल्या. मग दर काही मिनिटांनी त्यांतल्या थोड्या गोठवून डीएनएचा कुठला भाग कुणाला चिकटलाय ते मोजलं; फ्लेमिंग यांचीच रीत, मोजमापाच्या नव्या साधनांनी. कंडेन्सिनचे दोन प्रकार कामं वाटून घेतात असं दिसलं. एक आधी मोठे फास घालतो, सुमारे ४ लाख जोड्यांचे. आवरण फुटल्यावर दुसरा येतो आणि त्या मोठ्या फासांच्या आत ८० हजारांच्या आसपासचे छोटे फास पाडतो. आणि हे सगळे फास ज्या कण्यावर बसतात तो कणा सरळ नसतो. तो गोल जिन्यासारखा पीळ घेत जातो, आणि विभाजन पुढे सरकतं तसा एकेका वळणात जास्त जास्त डीएनए बसत जातो.

असा पीळ १८८० सालीच कुणीतरी पाहिला होता. कीव्हचे वनस्पतिशास्त्रज्ञ ओसिप बारानेत्स्की यांनी ट्रॅडेस्कॅन्शियाच्या परागमातृपेशींत स्क्रूच्या आट्यांसारखे वळसे घेतलेले दोरे काढून छापले होते. हॉफमाइस्टर यांनीही १८४८ साली हीच वनस्पती घेतली होती. आपल्याकडे ती बाल्कनीतल्या कुंड्यांत आणि सोसायट्यांच्या कुंपणाला सर्रास लावतात, जांभळ्या पानांची, सकाळी तीन पाकळ्यांचं फूल उमलून दुपारपर्यंत मिटणारी. तिच्या पुंकेसरांवर बारीक केस असतात आणि प्रत्येक केस म्हणजे एकापुढे एक ओवलेल्या पेशींची माळ. कोवळ्या कळीतला असा एक केस पाण्याच्या थेंबात ठेवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि डोळा न हलवता बसायची तयारी असली, तर टोकाच्या पेशीत केंद्रक आधी दाणेदार होतं, मग त्यात रेघा उमटतात, आणि रेघांचे दोरे होऊ लागतात.